शहात्तरचे चौसष्ट : कामत कसोटी आणि एका आकड्याचा इतिहास

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंबिवलीत आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या वहिनी एका रविवारी दुपारी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दोन कागद घेऊन आमच्याकडे आल्या. दोन्ही कागद त्यांच्या मुलाच्या बुद्धिमापनाचे अहवाल होते. पहिला तो सहा वर्षे दोन महिन्यांचा असतानाचा, त्यात बुद्ध्यंक ७६. दुसरा बारा वर्षे चार महिन्यांचा असतानाचा, त्यात बुद्ध्यंक ६४. दोन्हीकडे कसोटीचे नाव एकच होते : बिने-कामत.

मधल्या सहा वर्षांत वहिनींनी नोकरी सोडली होती. रोज दुपारी त्या मुलाला घेऊन बसत. शब्दांच्या पट्ट्या, मण्यांची माळ, खालच्या दुकानातून बिस्किटाचा पुडा आणून उरलेले पैसे मोजून परत देणे, असा त्यांचा अभ्यासक्रम होता. त्यांचे यजमान म्हणजे माझा लोकलमधला मित्र. दुसरा अहवाल हातात पडल्यावर तो घरी म्हणाला होता, "एवढं शिकवून उलट बारा मार्क कमी झाले." तो हे वैतागून बोलला असणार, पण वाक्य घरात राहून गेले. वहिनींनी मला विचारले, "भाऊजी, तुम्ही आकड्यांत असता. एवढंच सांगा, माझ्या हातून त्याचं डोकं बिघडलं का?"

मी ठाण्याच्या एका खासगी कंपनीत हिशेब सांभाळतो. शिक्षण बी.कॉम. मानसशास्त्र मी कधी शिकलो नाही. संख्याशास्त्र जे काही येते ते जुन्या पुस्तकांतून आणि कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात बसून स्वतःच शिकलेले. १८६४ साली स्थापन झालेल्या त्या वाचनालयाने माझ्यासारख्या कितीतरी अर्धवट शिकलेल्यांना पोसले आहे. वहिनींना मी म्हटले, "थोडा वेळ द्या." मग त्या दोन आकड्यांच्या मागे लागलो. हा लेख त्या शोधाचा हिशेब आहे.

धारवाडची मुले

अहवालातले 'कामत' म्हणजे व्ही. व्ही. कामत. १९३४ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी' या नियतकालिकात त्यांचा एक लेख आला. भारतीय मुलांसाठी बिने कसोटीची केलेली सुधारित आवृत्ती हा त्याचा विषय, आणि ही मुले कानडी व मराठी बोलणारी आहेत हे शीर्षकातच नोंदलेले. १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचे 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन' हे पुस्तक काढले. कसोटीचे दुसरे नाव 'बॉम्बे-कर्नाटक आवृत्ती'.

'बॉम्बे' आणि 'कर्नाटक' ही नावे एकत्र का, हे आजच्या वाचकाला सांगावे लागेल. धारवाड, बेळगाव, विजापूर, कारवार हे जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १ नोव्हेंबर १९५६च्या राज्यपुनर्रचनेत ते म्हैसूर राज्यात गेले. कामतांनी आपली कसोटी धारवाडकडच्या सुमारे हजारभर मुलांवर तपासून बसवली. सीमावादाच्या कितीतरी आधी, एकाच माणसाने एकच कसोटी कानडी आणि मराठी मुलांसाठी बांधली होती.

हे काम किती कष्टाचे, ते एका उदाहरणाने सांगतो. बिनेच्या मूळ कसोटीत साधारण आठ वर्षांच्या मुलासाठी एक प्रश्न आहे : वीसपासून उलटे आकडे म्हणून दाखव. आता कानडी मूल एकोणीसला 'हत्तोंबत्तु' म्हणते, म्हणजे सरळ दहा आणि नऊ. मराठी मुलाला 'एकोणीस' म्हणावे लागते, म्हणजे वीसला एक कमी. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या संख्यावाचनावरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला, ते आठवावे. तेव्हा प्रश्न तोच, उत्तरही तेच. पण दोन भाषांतल्या मुलांवरचा भार सारखा असेलच असे नाही. म्हणून कसोटी भाषांतर करून भागत नाही. प्रत्येक प्रश्न मुलांना विचारून पाहावा लागतो, कोणत्या वयाच्या किती मुलांना तो जमतो हे मोजावे लागते आणि मग त्याला त्या वयाच्या खणात ठेवावे लागते. या कामाला 'प्रमाणीकरण' म्हणतात.

कामतांच्या आधी लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजचे सी. हर्बर्ट राइस यांनी हिंदुस्तानी भाषेत असा प्रयत्न केला होता. त्यांचे पुस्तक १९२९चे. पण मराठी मुलांना त्यांच्या भाषेत प्रश्न विचारून, त्यांच्याच उत्तरांवरून माप ठरवणाऱ्यांत कामतांचे नाव अगदी आरंभी घ्यावे लागते. १९३९मध्ये त्यांनी मुलगे आणि मुली यांच्या उत्तरांतला फरक तपासणारा आणखी एक लेख लिहिला. त्या काळात हे भान असणे लहान गोष्ट नाही.

वजाबाकी, भागाकार आणि शंभर

कामतांनी पाया घेतला तो आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांचा. १९०४ साली फ्रान्समध्ये एक सरकारी आयोग नेमला गेला. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांपैकी कोणाला खास शिक्षणाची गरज आहे, हे शिक्षकाच्या मर्जीवर न सोडता कसे ओळखावे, हा प्रश्न होता. बिने-सिमाँ यांची पहिली कसोटी १९०५ची. १९०८च्या आवृत्तीत त्यांनी प्रश्नांची वयाप्रमाणे मांडणी केली. सातव्या वर्षाचे प्रश्न म्हणजे सात वर्षांच्या बहुतेक मुलांना जमतील असे. नाणी ओळखणे, सुट्टे पैसे देणे, आकडे ऐकून पुन्हा म्हणणे, चौकोन काढणे. मूल जिथपर्यंत पोचते ते त्याचे 'मानसिक वय'.

बिने मानसिक वय आणि खरे वय यांची वजाबाकी करून पाहत असे : मूल किती वर्षे मागे आहे? पण पाच वर्षांच्या मुलाने दोन वर्षे मागे असणे आणि बारा वर्षांच्या मुलाने दोन वर्षे मागे असणे सारखे नाही. म्हणून १९१२मध्ये विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने सुचवले, वजाबाकी नको, भागाकार करा. १९१६मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मनने त्या भागाकाराला शंभराने गुणले आणि 'आय.क्यू.' घराघरांत पोचला. बिने १९११मध्येच वारला होता. मुलाची बुद्धी म्हणजे एक कायमचा ठरलेला साठा, असे मानणाऱ्यांवर त्याने १९०९च्या आपल्या पुस्तकात कडक टीका केली होती. ती टीका मागे राहिली आणि आकडा पुढे गेला.

कामत कसोटीतही हाच भागाकार आहे. तीन ते दहा वर्षांपर्यंत प्रत्येक वर्षाला सहा प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला दोन महिने. मग वरचे खण अंतराअंतराने, आणि तिथे एका प्रश्नाचे मोल जास्त. सगळे महिने मिळवायचे, मुलाच्या खऱ्या वयाच्या महिन्यांनी भागायचे, शंभराने गुणायचे.

आता वहिनींचे कागद घेऊ. पहिल्या वेळी मुलाचे वय ७४ महिने, मानसिक वय ५६ महिने. ५६ भागिले ७४ गुणिले १०० म्हणजे ७५.७, अहवालात ७६. दुसऱ्या वेळी वय १४८ महिने, मानसिक वय ९४ महिने. भागाकार ६३.५, अहवालात ६४. हिशेबात चूक नव्हती. मी दोनदा ताळा करून पाहिला.

याच ताळ्यात आणखी एक गोष्ट दिसली. सहाव्या वर्षी एका प्रश्नाचे उत्तर जास्त आले असते तर ७६ऐवजी ७८ झाले असते, एक कमी आले असते तर ७३. सकाळी नीट न खाल्लेले, अनोळखी खोलीत घाबरलेले सहा वर्षांचे मूल एखाद-दुसऱ्या प्रश्नाला गप्प बसणे किती सोपे आहे!

दोन लोकल गाड्या

माझी गाडी इथेच बराच काळ अडकली होती. भागाकार बरोबर असेल तर मुलगा खरोखरच घसरला, असा अर्थ होत होता. उत्तर सापडले ते 'प्रमाण विचलन' या संख्याशास्त्रातल्या अगदी प्राथमिक कल्पनेत. तिला मी लोकलच्या भाषेत सांगतो.

समजा, डोंबिवलीहून ठाण्याकडे जाणाऱ्या दोन गाड्या आहेत. दोन्ही सरासरी पाच मिनिटे उशिरा येतात. पण पहिली रोज चार ते सहा मिनिटांच्या आत येते. दुसरी कधी अगदी वेळेवर, कधी बारा-पंधरा मिनिटे उशिरा. आज दोन्ही बारा मिनिटे उशिरा आल्या. पहिलीच्या बाबतीत फलाटावर लोक विचारू लागतील, "पुढे काही झालंय का?" दुसरीच्या बाबतीत कोणी मानही वर करणार नाही. उशीर तोच, सरासरी तीच. पण अर्थ वेगळा. कारण सरासरीभोवतीचा पसारा वेगळा. त्या पसाऱ्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन.

बुद्ध्यंकाच्या भागाकाराला हाच पसारा आडवा येतो. १९३७मध्ये टर्मन आणि मॉड मेरिल यांनी तीन हजारांहून अधिक जणांवर स्टॅनफर्ड-बिनेची नवी आवृत्ती बसवली. तिच्या एका प्रतीत सहा वर्षांच्या मुलांच्या बुद्ध्यंकाचे प्रमाण विचलन सुमारे साडेबारा निघाले, तर बारा वर्षांच्या मुलांचे सुमारे वीस. म्हणजे सहाव्या वर्षी मुले शंभरच्या आसपास दाटीने उभी होती, बाराव्या वर्षी ती दूरवर पांगली होती.

आता ७० हा आकडा घ्या, कारण बौद्धिक दुर्बलतेची रेघ सगळीकडे त्याच्याच आसपास ओढली जाते. सहाव्या वर्षी ७० म्हणजे सरासरीच्या खाली २.४ विचलने. घंटाकृती वक्राच्या कोष्टकानुसार हजारात जेमतेम आठ मुले त्याहून खाली. बाराव्या वर्षी ७० म्हणजे दीड विचलन खाली. हजारात सदुसष्ट मुले त्याहून खाली. एकच आकडा, एकच कसोटी. पण एका वयाला तो आठ मुलांना वेगळे काढतो आणि दुसऱ्या वयाला सदुसष्ट.

त्याच मापाने वहिनींच्या मुलाकडे पाहू. सहाव्या वर्षी ७६ म्हणजे शंभरच्या खाली २४. भागिले साडेबारा, म्हणजे १.९२ विचलने. बाराव्या वर्षी ६४ म्हणजे खाली ३६. भागिले वीस, म्हणजे १.८ विचलने. आपल्या वयाच्या मुलांच्या रांगेत तो जिथे होता जवळजवळ तिथेच होता. किंबहुना केसभर पुढे.

हे विचलनाचे आकडे अमेरिकी आवृत्तीचे आहेत. ते कामत कसोटीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे मी वहिनींनाही सांगितले. पण दोष देशाचा नसून भागाकाराचा आहे. दोन वयांचे बुद्ध्यंक शेजारी ठेवून वजाबाकी करायची, तर दोन्ही वयांचा पसारा सारखा असावा लागतो. भागाकार तशी हमी देत नाही. डेव्हिड वेक्सलर याने १९३९मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात बसवलेल्या कसोटीत म्हणूनच भागाकार सोडून दिला. माणूस आपल्या वयाच्या सरासरीपासून किती विचलने दूर आहे हे पाहायचे आणि एका विचलनाला १५ गुण द्यायचे. स्टॅनफर्ड-बिनेनेही १९६०च्या आवृत्तीत तोच मार्ग धरला. आपल्याकडे नागपूरचे डॉ. ए. जे. मालिन यांनी वेक्सलरच्या मुलांच्या कसोटीचे भारतीय रूप केले. पण कामत कसोटीत जुना भागाकार तसाच राहिला आणि ती दवाखान्यांतून आजही वापरात आहे.

मध्यासाठी बांधलेली, काठावर वापरलेली

माझ्या मते मूळ अडचण याहून खोल आहे. प्रश्न सातव्या वर्षाच्या खणात कसा जातो? सात वर्षांच्या बहुतेक मुलांना तो जमतो म्हणून. म्हणजे कसोटीची उभारणी मधल्या, सर्वसाधारण मुलांवर होते. आपण मात्र ती वापरतो ती काठावरच्या मुलांसाठी.

हजार मुले पंधरा वयोगटांत सारखी वाटली असे धरू. एका वयाला सुमारे सदुसष्ट मुले येतात. सरासरीच्या खाली दोन विचलनांपलीकडे शंभरात दोन-सव्वादोन मुले असतात. म्हणजे त्या सदुसष्टांत तशी मुले एक किंवा दोन! काठावरचे मूल कसे वागते हे त्या एका-दोघांवरून कळणार नाही. पुन्हा, १९३१च्या जनगणनेत देशातली साक्षरता दहा टक्क्यांच्या आसपास होती. शाळेच्या पटावर नाव असणे हीच तेव्हा निवड होती. कोणत्या मुलांना मोजले, हा प्रश्न कोणत्याही सरासरीच्या आधी विचारायचा असतो. संख्याशास्त्रात त्याला 'नमुना' म्हणतात. आपल्या भाषेत, शितावरून भाताची परीक्षा करायची तर आधी शीत कोणत्या भांड्यातले ते पाहावे.

त्यात मापे जुनी होतात. १९८४मध्ये न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिले, की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकी लोकांचे गुण जवळजवळ चौदांनी वाढले. लोक हुशार झाले की शाळा, आहार आणि प्रश्नांची सवय वाढली, यावर वाद आहेत. हिशेबाच्या दृष्टीने परिणाम एकच : जुन्या मापाने मोजले तर आजचे मूल आहे त्यापेक्षा वरचे दिसते. वरवर हे चांगले वाटते. पण ज्या मुलाला मदत हवी आहे त्याच्यासाठी हे वाईट आहे. तो रेघेच्या वर दिसतो आणि मदत नाकारली जाते.

वहिनींच्या घरी नेमके हेच झाले होते. सहाव्या वर्षी ७६ आले म्हणून त्यांना सांगण्यात आले, हा सीमारेषेवर आहे, प्रमाणपत्र मिळणार नाही, घरी जास्त लक्ष द्या. 'घरी लक्ष द्या' याचा अर्थ वहिनींची नोकरी. बाराव्या वर्षी ६४ आले तेव्हा प्रमाणपत्राची वाट मोकळी झाली. मुलगा तोच होता. मधली सहा वर्षे मात्र खास शिक्षकाशिवाय गेली ती गेलीच.

ठाण्याची आठवण

माझा मित्र पहिल्या तपासणीला तयार नव्हता. त्याचे कारण आमच्या भागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. मुंबईपासून कसाऱ्यापर्यंत 'याला ठाण्याला पाठवा' या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१चे. सव्वाशे वर्षे ते शहर एका थट्टेचे ओझे वाहते आहे.

या थट्टेला कायद्याचाही आधार होता. १९१२च्या 'इंडियन लुनसी ॲक्ट'च्या व्याख्येत वेडा म्हणजे मनोरुग्ण आणि मतिमंद दोघेही. आजारी पडलेले मन आणि सावकाश वाढणारी बुद्धी यांत कायदा फरकच करत नव्हता. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो प्रथम स्पष्ट केला. बुद्धिमापनाच्या बाजूने सांगायची मोठी गोष्ट हीच आहे. त्याने निदान या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या आणि 'वेडा' या एका शब्दाच्या जागी मोजून बोलण्याची सवय लावली. म्हणून मोजूच नका, असे मी म्हणणार नाही. न मोजता ठरवणारी माणसे जास्त निर्दय असतात.

पण मोजल्यावर रेघ ओढावी लागते आणि रेघेला दया नसते. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा. त्याखाली ४ जानेवारी २०१८ला निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत बौद्धिक दिव्यांगत्वासाठी 'व्हाइनलँड' सामाजिक परिपक्वता श्रेणीचे गुण धरले गेले. ही श्रेणी मूळ एडगर डॉल यांची, न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावच्या संस्थेतली. तिचेही भारतीय रूप नागपूरच्या मालिन यांनीच केले. त्या सूचनांतल्या कोष्टकात ५५ ते ६९ गुणांना ५० टक्के दिव्यांगत्व, आणि ७० ते ८४ला २५ टक्के. बहुतेक सवलतींची अट ४० टक्क्यांची. म्हणजे ६९ गुणांचे मूल आत आणि ७० गुणांचे बाहेर. २०२४मध्ये सूचना सुधारून आल्या; पण रेघ कुठेही ओढली तरी तिच्या दोन्ही बाजूंना एकेका गुणाने दूर झालेली मुले उभी राहणारच.

आणि एक गुण म्हणजे किती? प्रत्येक मापाला चूक असते. चांगल्या कसोटीची विश्वसनीयता ०.९० धरली आणि विचलन १५ धरले, तर मापनाची प्रमाण चूक पावणेपाचच्या आसपास येते. मराठीत सांगायचे तर, अहवालात ७० लिहिले असेल तेव्हा खरा आकडा ६१ ते ७९ यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. किराणा दुकानदाराच्या तराजूवर वजनमापे खात्याचा शिक्का ठरावीक मुदतीने तपासून घ्यावा लागतो. मुलाच्या आयुष्यावर शिक्का मारणाऱ्या तराजूची चूक अहवालात छापण्याचीही सक्ती नाही.

शिकवण्याने काय झाले?

वहिनींचा खरा प्रश्न मात्र आकड्याचा नव्हता. तो कारणाचा होता. शिकवले, मग गुण कमी झाले. म्हणून शिकवण्यामुळे कमी झाले. संशोधनपद्धतीच्या कोणत्याही पुस्तकात पहिल्या प्रकरणात ही चूक समजावलेली असते. आधी आणि नंतर एवढेच पाहून कारण कळत नाही. हाच मुलगा वहिनींनी शिकवला नसता तर बाराव्या वर्षी कुठे असता? ते कळायला तशीच दुसरी मुले हवीत, ज्यांना शिकवले नाही. शिवाय कोणाला शिकवायचे आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले हवे, कारण नाहीतर ज्यांची मुले जास्त मागे तेच पालक जास्त शिकवतात आणि शिकवणेच दोषी दिसते. एका घरातल्या एका मुलावरून हे उत्तर निघूच शकत नाही. तिच्या बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही.

म्हणून मी वहिनींना एवढेच सांगू शकत होतो, की आकडा त्यांच्याविरुद्ध साक्ष देत नाही. पण अहवालात एक आकडा असा होता जो त्यांच्याविषयी नसला तरी मुलाविषयी नक्की बोलत होता. तो म्हणजे भागाकाराच्या आधीचा आकडा. पहिल्या वेळी मानसिक वय चार वर्षे आठ महिने. दुसऱ्या वेळी सात वर्षे दहा महिने. दोन्ही अहवालांत तो लहान अक्षरांत छापलेला होता. मी पेन्सिलीने त्याखाली रेघ मारली आणि म्हटले, "वहिनी, हे बघा. त्याची बुद्धी कमी झालेली नाही. ती तीन वर्षे दोन महिने पुढे गेलीय. बाकीची मुलं जास्त वेगानं पुढे गेली, म्हणून भागाकार खाली आला."

त्यांनी कागद बराच वेळ पाहिला. मग विचारले, "मग हे वर मोठ्या अक्षरांत का नाही लिहीत?"

या प्रश्नाला मला आजही उत्तर नाही.

दुसरा हजार

कामतांना दोष देणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. १९३४मध्ये एका माणसाने जे करता येणे शक्य होते त्याहून जास्त त्यांनी केले. आपण आज जी विचलने आणि चुकीचे पट्टे मोजतो, ती हत्यारे तेव्हा जगातच नुकती घडत होती. दोष असेल तर तो नंतरच्यांचा. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने १९६२मधल्या स्थापनेपासून बुद्धिमापनावर निष्ठेने काम केले, डॉ. उषा खिरे यांनी गिल्फर्डच्या बुद्धिरचनेवर आधारित चाचण्या बांधल्या. वेक्सलरच्या चौथ्या आवृत्तीची भारतीय कसोटीही आता आहे. पण नव्या संचाला पैसे पडतात, प्रशिक्षण लागते; जुनी कसोटी स्वस्त असते आणि हाताला सवयीची असते. अंबरनाथपासून शहापूरपर्यंतच्या आजच्या मराठी मुलांना रांगेत बसवून, शाळेत जाणारी आणि न जाणारी, खाडीपलीकडची आणि वाडीवरची, काठावरची तर मुद्दाम जास्त घेऊन नवी मापे काढणे, हे कोणा एका हिशेबनिसाचे काम नाही. ते विद्यापीठांचे आणि सरकारचे काम आहे. मुले मोजायची असतील तर दर पिढीला नव्याने मोजावी लागतील. जनगणना आपण तशीच करतो.

तोवर वाचकांपैकी कोणाच्या घरात असा कागद आला तर तीन गोष्टी विचाराव्यात, असे मी सुचवीन. कसोटी कोणती आणि तिची मापे कोणत्या सालची? आकड्याच्या अलीकडे-पलीकडे चुकीचा पट्टा किती? आणि मूल मागच्या वेळेपेक्षा स्वतः किती पुढे आले? पहिल्या दोन प्रश्नांनी तपासणाऱ्याला राग येऊ शकतो. चांगल्या तपासणाऱ्याला येत नाही, असा माझा अनुभव आहे.

वहिनींचा मुलगा आता तेविशीत आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर त्याला खास शिक्षक मिळाले. तिथे तो रमला. आता कल्याणला एका कार्यशाळेत जातो, गाडीत एकटा चढतो, एकटा उतरतो. शनिवारी आमच्याकडचे इस्त्रीचे कपडे तोच आणून देतो. पन्नासची नोट दिली की उरलेले पैसे माझ्या तळहातावर एकेक करून मोजतो, आणि मी मोजून घेतल्याशिवाय हलत नाही.